फुमार माता, स्मोकिंग किल्स

*ताई,*

*मी मूळची नाशिकची. नवऱ्याच्या नोकरीमुळे स्पेनमध्ये वालेन्सियाला आले, त्याला चार वर्षं झाली. इथे एका खासगी क्लासमध्ये संध्याकाळी मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवते. बहुतेकांना केंब्रिजची बी-टूची, म्हणजे मध्यमच्या वरच्या पातळीची, परीक्षा द्यायची असते. बाकी सगळं रेटून नेते, पण एका ठिकाणी गाडी दरवेळी रुतते : ‘-इंग’ कुठे आणि ‘टु’ कुठे. ही मंडळी ‘आय एन्जॉय टु डान्स’ म्हणतात, ‘बिफोर टु ईट’ म्हणतात, ‘आय केम हिअर फॉर लर्न’ म्हणतात. मी क्रियापदांची यादी केली. दोन रकाने, रंगीत पेनं, सगळं साग्रसंगीत. पाठ करून घेतली. चाचणीत वीसपैकी अठरा मिळतात आणि पाच मिनिटांनी कॉफी पिताना पुन्हा ‘आय एन्जॉय टु डान्स’.*

*मागच्या महिन्यात वर्गातले एक बेकरीवाले, वय ५४, उभे राहून म्हणाले, ‘आय स्टॉप्ड टु स्मोक!’ सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी हातात मार्कर धरून तशीच. अभिनंदन करू की चूक दुरुस्त करू? चूक सांगितली तर ते ‘का?’ विचारणार, आणि ‘का’चं उत्तर माझ्याकडे नाही. ‘ते तसंच असतं’ हे इतक्यांदा सांगून झालंय की आता माझी मलाच लाज वाटते. त्यात शेजारच्या वर्गावरचा सहकारी हसत हसत म्हणाला, ‘हे कळायला इंग्रजी जन्मापासून असावं लागतं.’ ते जरा मनाला लागलं.*

*मला अहो-जाहो करू नका.*

*— वालेन्सियातली एक शिक्षिका*

*ता. क. डिसेंबरात पुण्याला येणार आहे. लुकिंग फॉरवर्ड टु मीट यू!*

मास्तरीणबाई,

परवानगी दिलीस म्हणून ‘तू’च म्हणते. ताजा कलम वाचून हसले, पण त्याचं शेवटी बोलू.

मी माद्रिदला अकरा वर्षं हेच काम केलं आणि तुझी ती दोन रकान्यांची यादी मीही केली होती. माझी तर यमक जुळवून केलेली. वर्ग ती सुरात म्हणायचा, पाढ्यांसारखी. पाढे घडाघडा म्हणणाऱ्या पोराला वाण्याकडे सुट्टे पैसे मोजता येत नाहीत, तसंच त्यांचं व्हायचं. यादी वाईट नसते गं, पण ती फार लवकर येते. दुखतं गुडघ्यात आणि आपण मलम लावतो कपाळाला.

आता त्या बेकरीवाल्यांकडून सिगारेटचं एक रिकामं पाकीट मागून घे. सोडली असेल तर घरात एखादं सापडेलच. त्याच्यावर छापलेलं असतं, ‘फुमार माता’. आपल्या कानाला हे एखाद्या गावदेवीचं नाव वाटतं. अर्थ असा की सिगारेट ओढणं जीव घेतं. इंग्लंडातल्या पाकिटावरची सूचनाही तशीच सुरू होते, ‘स्मोकिंग किल्स’. इकडे दोन शब्द, तिकडे दोन शब्द. तुझ्या ‘का’चं उत्तर या चार शब्दांत आहे.

‘माता’ला ‘किल्स’, आणि ‘फुमार’ला ‘स्मोकिंग’. फुमार म्हणजे क्रियापदाचं शब्दकोशातलं रूप. ‘आर’, ‘एर’ किंवा ‘इर’ने संपणारं. तुझ्या विद्यार्थ्यांच्या वहीत त्याच्यासमोर काय लिहिलेलं आहे? ‘टु स्मोक’. मग पाकिटावर ‘टु स्मोक किल्स’ का नाही? कारण त्या जागी क्रियेचं नाव हवंय. स्पॅनिशमध्ये क्रियेचं नाव म्हणून हे ‘आर-एर-इर’वालंच रूप चालतं, दुसरं नाही. इंग्रजीत रोजच्या बोलण्यात त्या जागी ‘-इंग’ बसतं.

हे इतकं सोपं असेल तर त्यांना दिसत का नाही? त्याला कारण आपणच. पहिल्याच आठवड्यात आपण फळ्यावर लिहितो, ‘एस्तोय कोमियेन्दो’ म्हणजे ‘आय ॲम ईटिंग’. तिथे ‘-आन्दो’, ‘-इयेन्दो’ म्हणजे ‘-इंग’, हे समीकरण डोक्यात पक्कं बसतं. वर त्यांच्या शाळेत या रूपाचं नाव ‘खेरुन्दियो’, आणि इंग्रजीच्या पुस्तकात ‘-इंग’चं नाव ‘जेरंड’. स्पेलिंग जवळजवळ एकच. विद्यार्थी म्हणतो, वा, हा तर आपलाच माणूस. पण हा आपला माणूस नाही, नुसता नामसाधर्म्याचा घोळ आहे. दोघांनी नाव लॅटिनकडून उचललं. इंग्रजीच्या व्याकरणकारांनी काम बघून नाव दिलं : लॅटिनमध्ये ते रूप नामाचं काम करायचं, हेही करतं. स्पॅनिशमध्ये वंशावळ बघून दिलं : रूप आलं लॅटिनच्या ‘-न्दो’वरून, पण नामाचं काम त्याने केव्हाच सोडलं. तो खेरुन्दियो क्रिया कशी चालली आहे तेवढंच सांगतो. ‘फुमान्दो माता’ म्हटलं तर स्पॅनिश माणसाला एवढंच कळेल की कुणीतरी सिगारेट ओढत ओढत खून करतो.

म्हणजे तू ‘स्विमिंग इज गुड’ म्हणतेस तेव्हा त्यांना आतल्या आत ‘पोहत पोहत चांगलं आहे’ असं ऐकू येतं. कान म्हणतो, हे चूक. मग ते स्वतःच दुरुस्ती करतात आणि ‘टु स्विम’ किंवा नुसतं ‘स्विम’ म्हणतात. चूक आळसातून येत नाही. उलट जरा जास्तच काळजीतून येते.

आता तुझ्या त्या सहकाऱ्याकडे वळू, कारण इथे तुझ्याकडे एक वस्तू आहे जी त्याच्याकडे नाही. आपल्या मराठीत या कामांना तीन वेगळी रूपं आहेत. ‘ओढणं’, ‘ओढायला’ आणि ‘ओढत’. सिगारेट ओढणं वाईट. तो सिगारेट ओढायला बाहेर गेला. तो सिगारेट ओढत बसला आहे. मिसळणाच्या डब्यातल्या तीन वाट्या समज. इंग्रजीने ‘णं’ आणि ‘त’ एका वाटीत ओतले आणि त्या वाटीवर ‘-इंग’ लिहिलं. ‘आयला’ वेगळी ठेवली, तिचं नाव ‘टु’. स्पॅनिशने ‘णं’ आणि ‘आयला’ एका वाटीत ओतले, तिचं नाव ‘फुमार’, आणि ‘त’ला वेगळं ठेवलं, ते ‘फुमान्दो’. बस. सगळी भानगड एवढीच. दोघांनी तीन जिन्नस दोन-दोन वाट्यांत कोंबले, पण वेगवेगळ्या जोड्यांनी. जन्मापासून इंग्रजी बोलणाऱ्याला त्याची एकत्र झालेली वाटी एकच जिन्नस वाटते. तुझ्या डब्यात तिन्ही सुटे आहेत, म्हणून तुलाच दिसतं कोणी काय कशात मिसळलं. (इंग्रजीतही कधीकाळी हे सुटेच होते. जुन्या इंग्रजीत नामाचा प्रत्यय ‘-उंग’ होता आणि ‘ओढत’वाला ‘-एन्दे’. पुढे मध्ययुगात दोन्ही घासून घासून ‘-इंग’ झाले.)

मराठीचं सगळंच काही जुळत नाही, हेही सांगते. ‘मला नाचायला आवडतं’ असं आपण म्हणतो, म्हणून आपल्याकडची मुलंही ‘आय एन्जॉय टु डान्स’ लिहितात. डबा चूक शोधायला वापरायचा, चव ठरवायला नाही.

तर आता वर्गात काय करायचं.

पहिलं म्हणजे ‘जेरंड’ हा शब्द वर्गाच्या बाहेर ठेव. खेरुन्दियोही. मी एका वर्षी पहिल्याच तासाला फळ्यावर दोन्ही शब्द शेजारी लिहून मध्ये बरोबरची खूण काढली होती. मला वाटलं, काय सोय केली पोरांची! ती खूण त्यांच्या डोक्यातून पुसायला मार्च उजाडला. तू फक्त ‘-इंग’ म्हण. आणि दोन कामं सांग : एक ‘चाललं आहे’ ते, आणि एक ‘कामाचं नाव’.

कामाचं नाव समजवायला पुस्तक उघडू नकोस, त्यांची भाषाच उघड. स्पेनमध्ये पुलावरून दोरी बांधून उडी मारायच्या खेळाला काय म्हणतात? ‘पुएन्तिंग’. पुएन्ते म्हणजे पूल, त्याला शेपूट ‘-इंग’. हा शब्द कुठल्याही इंग्रजाने ऐकलेला नाही, अस्सल स्पॅनिश आहे. हॉटेलच्या बाल्कनीतून पोहण्याच्या तलावात उड्या टाकणाऱ्या पर्यटकांमुळे ‘बाल्कोनिंग’ही वर्तमानपत्रांत रुळला. गाड्या लावायची जागा ‘पार्किंग’, तंबूची जागा ‘कॅम्पिंग’. म्हणजे ‘-इंग’ लावलं की कामाचं नाव होतं, हे त्यांना रक्तात माहीत आहे. फक्त इंग्रजी बोलताना आठवत नाही. मी विचारायचे, तुम्ही रविवारी काय करता त्याला ‘-इंग’ लावा. माझ्या वर्गात एकाने ‘सोफिंग’ सांगितलं आणि वर्षभर तो शब्द चालला. शब्द खोटे असले तरी सवय खरी लागते. त्यांनी ‘सोफिंग इज गुड’ एकदा हसत म्हटलं की ‘स्विमिंग इज गुड’ घशात अडकत नाही.

दुसरी बाजूही दाखव. त्यांच्याकडे ‘आर-एर-इर’ नाम होतं हे त्यांना रोज दिसतं, लक्षात येत नाही. तिकडे शाळेतून आलेलं पोर म्हणतं ‘देबेरेस’ करायचे आहेत. देबेरेस म्हणजे गृहपाठ. हा शब्द ‘देबेर’चं अनेकवचन, देबेर म्हणजे देणं लागणं, बांधील असणं. आपलं ‘देणं’ आणि ‘देणी’ बघ, अगदी तसंच. आणि सगळ्यात गंमतीचं तर आपल्या घरातच आहे. महिन्याच्या एक तारखेला येतो तो पगार. पोर्तुगीजांकडून आला तो शब्द. मूळ ‘पागार’, म्हणजे पैसे चुकते करणं. पोर्तुगीजांचं ‘आर’वालं रूप आपण सरळ नाम करून खिशात घातलं. पुढच्या वेळी वर्गात ‘सिन पागार’ आलं, म्हणजे ‘पैसे न देता’, की हे सांग त्यांना. माझ्या वर्गाला मुंबई-पुण्याची एवढीच गोष्ट नीट लक्षात राहायची.

यानंतर यादीकडे जायचं नाही. आधी शब्दयोगी अव्ययं. आपली नामानंतर चिकटतात, त्यांची नामाआधी येतात, एवढाच फरक. ‘बिफोर’, ‘आफ्टर’, ‘विदाउट’, ‘फॉर’, ‘इन’, ‘ऑफ’, ‘बाय’. यांच्यानंतर क्रियापद आलं तर ‘-इंग’. ‘बट’, ‘एक्सेप्ट’ आणि ‘अबाउट टु’ अशी बोटावर मोजण्याइतकी सोडली, तर नियम कुठे फसत नाही. इंग्रजीत इतका भरवशाचा नियम क्वचित मिळतो आणि पुस्तकं तो सहाव्या धड्यात टाकतात. मला ते कधी कळलं नाही. स्पॅनिशमध्ये नेमकं त्याच जागी ‘आर-एर-इर’ हवं असतं. ‘आन्तेस दे कोमेर’, म्हणून ‘बिफोर टु ईट’. मराठीतही तिथे ‘णं’चीच वाटी आहे, बघ : जेव‘ण्या’आधी, बोलाव‘ण्या’बद्दल.

आणि याचा सराव करून घ्यायला तुला आयतं साधन आहे. तुझ्या संध्याकाळच्या वर्गाला रोज किमान दोन जण उशिरा येत असणार. दार किलकिलं करून, हात जोडल्यासारखे करून म्हणत असणार, ‘पेर्दोन पोर येगार तार्दे’. माझ्याकडे नियम होता : दारातच उभं राहायचं आणि इंग्रजीत म्हणायचं, ‘सॉरी फॉर अरायव्हिंग लेट’. नाही जमलं तर बाकीचे सांगणार. नोव्हेंबर संपेतो एक औषधांच्या दुकानातल्या बाई दार उघडायच्या आधीच बाहेरून ओरडायच्या. जाताना मी म्हणायचे, ‘थँक यू फॉर कमिंग’. त्यांच्याकडे तेच ‘ग्राथियास पोर बेनिर’. येताना एक ‘-इंग’, जाताना एक. चार महिने. याने जेवढं काम झालं तेवढं माझ्या यमकांनी दोन वर्षांत झालं नव्हतं.

‘फॉर लर्न’चं वेगळं आहे. तिथे चोर ‘पारा’ हा शब्द. ‘पारा आप्रेन्देर’, शिकण्यासाठी. पारा म्हणजे ‘फॉर’ असं त्यांनी कधीतरी पाठ केलं, म्हणून ‘फॉर लर्न’, ‘फॉर टु लर्न’. त्यांना दिलासा द्यायला सांग की चौदाव्या शतकात खुद्द इंग्रजही ‘फॉर टु’ म्हणत होते. तुम्हाला फक्त सहाशे वर्षं उशीर झाला. मग उपाय सांग : माणसाचा हेतू असेल तर ‘पारा’चं सरळ ‘टु’ करायचं, ‘फॉर’ गिळून टाकायचा. ‘आय केम हिअर टु लर्न’. तुझ्या वाटीत हे ‘शिकायला’. वस्तूचा उपयोग सांगायचा असेल तर मात्र ‘फॉर’ आणि ‘-इंग’. बेकरीवाल्यांना त्यांचाच सुरा दे हातात : ‘धिस नाइफ इज फॉर कटिंग ब्रेड’. आणि ‘आय गॉट अप ॲट थ्री टु मेक ब्रेड’. सुरा कशासाठी आणि माणूस कशासाठी, दोन वाक्यांत फरक कळतो.

इथवर आलात की यादी काढ, पण छोटी. ‘-इंग’कडे ‘एन्जॉय’, ‘फिनिश’, ‘अव्हॉइड’, ‘माइंड’, ‘कीप’, ‘मिस’, ‘सजेस्ट’, ‘गिव्ह अप’. ‘टु’कडे ‘वॉन्ट’, ‘डिसाइड’, ‘होप’, ‘प्रॉमिस’, ‘नीड’, ‘प्लॅन’, ‘रिफ्यूज’. कुणी हुशार विचारेल की यात काही सूत्र आहे का. आहे, अर्धं. ‘टु’ हा मुळात दिशा दाखवणारा शब्द, तेव्हा पुढे करायच्या गोष्टींना तो शोभतो : ठरवणं, आशा धरणं, वचन देणं. हातात असलेल्या किंवा होऊन गेलेल्या गोष्टीला ‘-इंग’. पण ‘पोस्टपोन’ पुढचंच असून ‘-इंग’ घेतं आणि ‘मॅनेज’मध्ये काम झालेलं असून ‘टु’. म्हणून हे सूत्र सांगायचं, पण त्यावर घर बांधायचं नाही.

‘लाइक’वर वेळ घालवू नकोस. त्यांच्याच भाषेत फरक तयार आहे. ‘मे गुस्ता बाइलार’, मला नाचायला आवडतं : ‘आय लाइक डान्सिंग’. ‘मे गुस्तारिआ बाइलार’, मला नाचायला आवडेल : ‘आय वुड लाइक टु डान्स’. पहिल्यात ‘टु’ही चालतं हे खरं, ते तिसऱ्या वर्षी सांग. ‘कीप’ही फुकट मिळतं, कारण ‘सिगो त्राबाखान्दो’ आणि ‘आय कीप वर्किंग’ हातात हात घालून चालतात. ‘आय स्पेंट द आफ्टरनून रीडिंग’चंही तसंच, स्पॅनिशमध्येही तिथे ‘लेयेन्दो’ येतं. जिथे जुळतं तिथे त्यांना शाबासकी घेऊ दे. ‘आय वॉन्ट दॅट यू कम’ ऐकू येईल तेव्हा मात्र दचकू नकोस. तो वेगळा रोग आहे, वेगळ्या दिवशी बघ.

आता ते बेकरीवाले. ‘स्टॉप’चा प्रश्न पुस्तकात भीतीदायक दिसतो : एकच क्रियापद, ‘-इंग’ लावलं तर एक अर्थ, ‘टु’ लावलं तर अगदी उलटा. पण स्पॅनिश माणसाला हा फरक पूर्ण कळतो, फक्त त्याच्याकडे दोन वेगळी क्रियापदं आहेत. ‘देखे दे फुमार’, सिगारेट ओढणं सोडलं. ‘मे पारे आ फुमार’, सिगारेट ओढायला थांबलो. ‘दे’ म्हणजे पासून, ‘आ’ म्हणजे कडे. सिगारेटपासून दूर गेलात तर ‘आय स्टॉप्ड स्मोकिंग’, सिगारेटकडे वळलात तर ‘आय स्टॉप्ड टु स्मोक’. ‘आ’ला ‘टु’. फळ्यावर एक रस्ता काढ, त्यावर एक माणूस, आणि रस्त्याच्या कडेला एक सिगारेट. बाणाची दिशा त्यांनाच दाखवू दे.

तेव्हा अभिनंदन करायचं की दुरुस्ती, तर आधी अभिनंदन. पण प्रश्न विचारून. ‘काँग्रॅच्युलेशन्स! सो, नो मोअर स्मोकिंग?’ ते ‘नो मोअर स्मोकिंग’ म्हणतील तोवर बरोबर रूप त्यांच्याच तोंडून बाहेर पडलेलं असेल. टाळ्याही फुकट जात नाहीत.

बी-टूवाल्यांना अशा आणखी दोन-तीन जोड्या लागतील. ‘रिमेंबर’, ‘ट्राय’ आणि ‘रिग्रेट’. तिथेही तीच युक्ती, आधी स्पॅनिशकडे जायचं. ‘रेक्वेर्दो आबेर थेर्रादो ला पुएर्ता’, दार लावल्याचं आठवतंय, हे झालेलं काम. म्हणून ‘आय रिमेंबर क्लोझिंग द डोअर’. लावायचं लक्षात ठेव असेल तर ‘रिमेंबर टु क्लोझ’. खटपट केली पण उघडेना, ‘इन्तेन्तार’, तर ‘ट्राय टु ओपन’. उघडून बघ, काही फरक पडतो का, ‘प्रोबार’, तर ‘ट्राय ओपनिंग’. आणि ‘वुई रिग्रेट टु इन्फॉर्म यू’ हे बँकेच्या पत्रातलं, तर ‘आय रिग्रेट सेइंग दॅट’ हे भांडणानंतरचं. परीक्षेच्या चौथ्या भागात दिलेला शब्द वापरून दोन ते पाच शब्दांत वाक्य फिरवायचं असतं, अशी सहा वाक्यं. सरावाच्या पेपरांत हे शब्द सारखे भेटतात. तेवढ्यापुरते घोटून घे.

चूक झाली की दरवेळी तोंडाने टोकू नकोस. ते सिगारेटचं पाकीट टेबलावर ठेव. कुणी ‘स्विम इज गुड’ म्हटलं की त्यावर फक्त बोटाने टकटक कर. माझ्या वर्गात दुसऱ्या महिन्यापासून ती टकटक विद्यार्थीच एकमेकांवर करायचे, आणि एक जण तर माझ्या चुकांवरही करायचा.

त्यावरून तुझा ताजा कलम. ‘लुकिंग फॉरवर्ड टु मीट यू’. टकटक. इथला ‘टु’ क्रियापदाचा नाही, ‘कडे’ अर्थाचा आहे, म्हणजे शब्दयोगीच. ओळखायची खूण सोपी : त्याच्या पुढे एखादं नाम ठेवून बघ. ‘लुकिंग फॉरवर्ड टु द पार्टी’ बसतं? बसतं. मग क्रियापद आलं तरी नामाच्या वेषात येणार, ‘लुकिंग फॉरवर्ड टु मीटिंग यू’. ‘आय ॲम यूझ्ड टु गेटिंग अप अर्ली’मधला ‘टु’ही तसलाच, आणि पहाटे तीनला उठणाऱ्या बेकरीवाल्यांना तो लागणारच आहे. वाईट वाटून घेऊ नकोस, आपल्याकडच्या ऑफिसांतल्या कित्येक ईमेली याच वाक्याने संपतात. आणि आपण हे का चुकतो तेही तुझ्या डब्यात दिसतं : आपण मनात म्हणतो ‘भेटायला उत्सुक’, आणि ‘आयला’ची वाटी म्हणजे ‘टु’. झालं, ‘टु मीट’. तुझे विद्यार्थी स्पॅनिशमधून चुकतात, तू मराठीतून चुकलीस. हे वाक्य तसंच फळ्यावर लिही आणि त्यांना सांग, हे मी लिहिलं होतं, यात काय चुकलंय ते शोधा. सापडलं की तो वर्ग तुझा झाला. त्या सहकाऱ्याच्या हाती असली चूक नाही, बिचाऱ्याला दाखवायला काही नाही.

डिसेंबरात ये जरूर, घरी जेवायलाच ये. आणि त्या बेकरीवाल्यांनी सिगारेट खरंच सोडली, की त्या दिवशी नुसते ओढायला थांबले होते, तेवढं मात्र त्याच्या आधी कळव. पत्र वाचल्यापासून तेच डोक्यात घोळतंय.